सर्व्हर बंद पडला तरी गोदाम भरलेले राहावे म्हणून

समजा, मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथल्या काही मुलांनी मिळून लुआंटी या मोफत खेळात आपले गाव उभारले. एकाच्या घरच्या संगणकावर सर्व्हर, मलकापूर आणि बुलढाण्याचे मित्रही त्यावर खेळायला येतात. गावासाठी सामायिक कापूस-गोदाम हवे म्हणून त्यांनी एक मॉड, म्हणजे खेळात भर घालणारा कोड, लिहिला. आठवडाभर गोदाम भरले, एका संध्याकाळी वीज गेली आणि परत सुरू केल्यावर साठा शून्य! मॉड लिहायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते. तिच्यामागे बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एखादा गैरसमज असतो.

गैरसमज १: ग्लोबल व्हेरिएबल केले की डेटा कायम राहतो.
वस्तुस्थिती: ग्लोबल म्हणजे कोडमध्ये कुठूनही वापरता येणारे; त्याचा टिकण्याशी काहीही संबंध नाही. ते रॅममध्ये असते आणि सर्व्हर थांबताच पुसले जाते. टिकायचे ते डिस्कवर लिहावे लागते. लुआंटीत त्यासाठी ‘मॉड स्टोरेज’ आहे. ते मॉड लोड होतानाच मागून घ्यायचे असते, आणि प्रत्येक जगात प्रत्येक मॉडचे स्टोरेज वेगळे असते. फॅक्टोरिओ या खेळात हेच काम करणाऱ्या टेबलाचे नाव आधी ‘ग्लोबल’ होते. २०२४ साली आलेल्या २.० आवृत्तीत ते ‘स्टोरेज’ झाले.

गैरसमज २: खेळ जग सेव्ह करतोच, त्यात माझा डेटाही आला.
वस्तुस्थिती: खेळ नकाशा, खेळाडू आणि त्यांचे सामान जपतो. तुमच्या मॉडमधला कोणता आकडा महत्त्वाचा, हे त्याला कळत नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मॉडचा डेटा जगाशी जोडता येतो, पण बदल केल्यावर ‘हे बदलले आहे’ अशी खूण करावी लागते. ती राहिली तर सेव्हच्या वेळी तो डेटा वगळला जातो. कोड बरोबर दिसतो, चूक झाल्याची सूचनाही येत नाही, आणि परत सुरू केल्यावर जुना आकडा दिसतो.

गैरसमज ३: सर्व्हर बंद होताना एकदा सेव्ह केले की पुरे.
वस्तुस्थिती: वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला तर ‘बंद होताना’ चालवायचा कोड बहुधा चालतच नाही. लुआंटीची अधिकृत माहितीपुस्तिकाच हा इशारा देते आणि अधूनमधून सेव्ह करत राहायला सांगते. म्हणून साठा बदलला की लगेच मॉड स्टोरेजमध्ये लिहा. तिथून डिस्कवर उतरायलाही काही सेकंद लागू शकतात, पण काही सेकंदांचे नुकसान आणि आठवड्याचे नुकसान यांत फार फरक आहे.

गैरसमज ४: मग प्रत्येक क्षणी सगळेच लिहीत राहावे.
वस्तुस्थिती: लुआंटीचा स्वतंत्र सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये दर ०.०९ सेकंदाला एक फेरी करतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११. प्रत्येक फेरीत संपूर्ण टेबल मजकुरात बदलून लिहायला लागलात तर खेळ अडखळेल. जे बदलले तेवढेच लिहा. सगळ्या खेळाडूंचा हिशेब एका मोठ्या टेबलात कोंबण्याऐवजी प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवा.

गैरसमज ५: डेटा खेळाडूपाशी ठेवला तरी चालतो.
वस्तुस्थिती: एका खेळाडूची वैयक्तिक माहिती, जसे त्याचे कौशल्य किंवा पातळी, त्याच्या नोंदीत जरूर ठेवा. गोदाम मात्र सगळ्यांचे आहे, त्याची खरी प्रत सर्व्हरवर एकच हवी. खेळाडूच्या संगणकाने पाठवलेला आकडा तसाच मान्य केला तर कुणीही तो बदलून पाठवेल. फॅक्टोरिओची रचना वेगळी आहे: तिथे प्रत्येकाच्या संगणकावर तेच गणित एकाच वेळी चालते. तिथे एखादा आकडा एका संगणकावर वेगळा निघाला, तर त्या खेळाडूचा खेळ इतरांपासून तुटतो.

गैरसमज ६: स्टोरेजने शून्य दिले, म्हणजे साठा शून्य आहे.
वस्तुस्थिती: लुआंटीत नसलेली नोंद पूर्णांक म्हणून मागितली तरी ० मिळतो. नोंद आहे की नाही, हे वेगळे तपासा. पूर्णांकाची मर्यादाही सहसा ३२ बिटांची, म्हणजे सुमारे २१४ कोटी असते. पैशांचा हिशेब तिथवर जाणार असेल तर आकडा मजकूर म्हणून साठवा.

गैरसमज ७: एकदा डिस्कवर गेले की काळजी मिटली.
वस्तुस्थिती: तीन धोके उरतात. पहिला, खेळाडूचे सामान आणि मॉड स्टोरेज वेगवेगळ्या फायलींत असते; मधेच वीज गेली तर कापूस गोदामातही राहील आणि खेळाडूच्या पिशवीतही. दुसरा, मॉडच्या पुढच्या आवृत्तीत तुम्ही डेटाची रचना बदलली तर जुना डेटा वाचता येणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून डेटासोबत आवृत्तीचा क्रमांक लिहा. तिसरा, सर्व्हर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर प्रत अर्धवट निघू शकते. सर्व्हर थांबवा, जगाचे पूर्ण फोल्डर कॉपी करा आणि ती प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

मॉड मित्रांच्या हाती देण्याआधी एक चाचणी नक्की करा. चाचणीसाठी वेगळे जग घ्या, गोदामात माल टाका, थोडे थांबा आणि सर्व्हरची प्रक्रिया टास्क मॅनेजरमधून जबरदस्तीने बंद करा. परत सुरू केल्यावर साठा जसाच्या तसा दिसला, तरच डेटा टिकतो असे म्हणा. इतरांच्या मेहनतीचा हिशेब तुमच्या कोडकडे आहे. तो नीट सांभाळणे हे मॉड लिहिणाऱ्याचे पहिले काम आहे.