फुकट घेतलेल्या गेमचं बिल कोण भरतं?

विकतच्या गेमची कुलूप फोडलेली फाइल मित्राकडून मोबाइलवर येते. मूळ प्रत जागेवरच असते. मग नुकसान कसलं?

एप्रिल २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या कंपनीने ‘गेम डेव्ह टायकून’ स्वतःच्या ऑनलाइन दुकानात विक्रीला आणला. त्यात खेळाडूने गेम बनवणारी कंपनी चालवायची असते. विक्री सुरू होताच भावांनी स्वतःच एक फोडलेली प्रत फुकट फाइली वाटणाऱ्या टोरंट साइटवर सोडली. तिच्यात काही तास खेळल्यावर खेळाडूच्या कंपनीचे गेम चोरीला जाऊ लागत आणि ती बुडत असे. ‘चोरीवर उपाय काय?’ असं काही फुकट्या खेळाडूंनी मनापासून विचारलं! दोन्ही प्रती वापराची निनावी माहिती पाठवत, त्यामुळे मोजदाद झाली. पहिल्या दिवसाअखेर विकत घेणारे २१४, फोडलेली प्रत खेळणारे किमान ३१०४.

यातल्या प्रत्येकाने पैसे मोजले असतेच, असं नाही. पण गेमचा खर्च नाटकासारखा असतो: तालमी, नेपथ्य, सगळं पहिल्या तिकिटाआधीच. मोठी कंपनी एका गेमचा तोटा दुसऱ्यावर भरून काढते. दोघांच्या कंपनीकडे बहुधा दुसरा गेमच नसतो. भरीस भर म्हणजे, ऑनलाइन दुकानं खपणारा गेम यादीत वर दाखवतात, आणि फुकट खेळणारे त्या हिशेबात येतच नाहीत. हजारो लोक खेळत असलेला गेमही मग नव्या गिऱ्हाइकाला दिसत नाही.