वस्ती बदलते तेव्हा पालकांशी काय बोलावे

पालकसभेत बहुतेक ठिकाणी ठरावीक भाषण होते. मुलांना वेळेवर शाळेत पाठवावे, स्वच्छ ठेवावे, त्यांच्याकडे लक्ष द्यावे. पालक माना डोलावतात, चहा घेतात आणि घरी जातात. यात पालकांचा दोष थोडा आहे. ‘लक्ष द्या’ हे शब्द इतके मोघम आहेत की पहाटे उठून कामावर जाणाऱ्या आईने त्यांचे नेमके काय करावयाचे, हे तिला उमगत नाही. अमुक जागी, अमुक वेळी, घरातील अमुक माणसाने अमुक करावे, असे सांगितले तरच ते पाळले जाण्याचा संभव असतो. जेथे वस्ती झपाट्याने बदलत आहे तेथे तर मोघम उपदेशाचा काहीच उपयोग होत नाही.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी, नगर रस्त्यालगत वसलेले खराडी हे पूर्वी शेतीवर जगणारे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. त्यानंतर तेथे संगणक व्यवसायाची मोठमोठी संकुले आली, त्यांत काम करणाऱ्यांसाठी उंच इमारती उठल्या आणि त्या बांधण्यासाठी लांबलांबच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून मजूर कुटुंबे आली. खराडीच्या पुढचे वाघोली २०२१ साली महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याच रस्त्याने पुढे गेले की लोणीकंद, पेरणे, सणसवाडी, शिक्रापूर ही गावे लागतात. खराडीत जे घडून गेले ते या गावांच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले आहे. तेव्हा तेथील शिक्षकांनी खराडीकडे पाहून आधीच सावध व्हावे, हे बरे.

गावातील आईबाप मुलाला धोका शिकवीत नाहीत असे नाही. विहिरीच्या काठावर वाकू नये, पडक्या भिंतीत हात घालू नये, बैलाच्या मागे उभे राहू नये, हे लहानपणापासून कानांवर पडलेले असते. परंतु हे सारे ज्ञान जुन्या गावचे आहे. डंपर मागे येऊ लागला तर कोठे उभे राहावे, हे घरात कोणी शिकवीत नाही. कारण घरातील मोठ्या माणसांनाही ते कोणी शिकविलेले नसते. नव्या वस्तीतील पालकांचे अज्ञान म्हणतात ते बहुधा एवढेच असते.

रस्त्याचा प्रश्न सर्वांत मोठा. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर रात्री डंपर गेला. तीन जीव गेले. त्यांपैकी दोन लहान बालके होती. अशा घटनेनंतर काही दिवस चर्चा होते आणि मग सर्व शांत होते. शिक्षकाने पालकांना समजावून द्यावयाची गोष्ट निराळी आहे. डंपर, टँकर, काँक्रीटचा मिक्सर या वाहनांचा चालक उंचावर बसतो. गाडीच्या अगदी पुढे, डाव्या कुशीला आणि मागे उभे असलेले लहान मूल त्याला दिसतच नाही. मुलाला वाटते, ‘मला गाडी दिसते, म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसतो.’ ही समजूत मोडणे हा पहिला धडा. शाळेच्या पटांगणात एखादी मोठी गाडी उभी करून मुलांना एकेक करून चालकाच्या जागी बसवावे आणि बाकीची मुले कोठे दिसेनाशी होतात ते त्यांनाच पाहू द्यावे. दहा व्याख्यानांनी होणार नाही ते अर्ध्या तासात होते. पालकांनाही त्या वेळी बोलवावे.

दुसरे असे की, साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंत मुलाला येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा व अंतराचा नीट अंदाज बांधता येत नाही. हा हूडपणा नव्हे, वयाची मर्यादा आहे. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलाला ‘दोन्हीकडे बघून जा’ एवढे सांगून मोठा रस्ता एकट्याने ओलांडावयास लावू नये. पाचवीतील भावंड हे काही मोठे माणूस नव्हे, हेही पालकांना स्पष्ट सांगावे. आळीतील चार-पाच घरांनी वाटून घेऊन एकेका मोठ्या माणसाने एकेक दिवस मुलांना पोहोचवावे. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, म्हणजे उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. शाळा सुरू होताना पहिला आठवडाभर आईने किंवा वडिलांनी मुलाबरोबर चालून वाट ठरवून द्यावी. ती वाट लांबची असली तरी चालेल. कमी वाहनांची असावी.

गावातल्या जुन्या, थोड्या सुखवस्तू घरांत निराळाच प्रकार दिसतो. जमिनीचे पैसे आले, दारात दुचाकी आली आणि सातवी-आठवीतला मुलगा ती चालवू लागला. वडिलांना त्याचे कौतुकही असते. त्यांना कायदा सांगावा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कौतुक ओसरण्यास ही शेवटची गोष्ट बहुधा पुरेशी ठरते.

आता पाणी. बांधकामाच्या जागी पाण्याचा हौद असतो, पायासाठी खणलेले खड्डे असतात आणि पावसाळ्यात ते भरतात. लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीच्या तळाशीही पाणी साचते. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत प्रत्येक दारापुढे पिंप असते. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकते, आणि बुडताना ते ओरडत नाही. म्हणून शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. पिंपावर झाकण व झाकणावर दगड, रिकामी बादली पालथी, हौदाला कडी, ही तीन कामे त्या घरी करवून घ्यावी. नदीकाठच्या गावांत आणखी एक फसवे दृश्य आहे. मुळा-मुठेवर जलपर्णी पसरली की पाणी हिरव्या कुरणासारखे दिसते आणि चेंडू आणण्यास मूल त्यावर पाय ठेवते. मोठ्या मुलांना हेही शिकवावे की, कोणी बुडत असेल तर स्वतः उडी न मारता दोर, साडी, बांबू जे मिळेल ते टाकावे आणि आरडाओरडा करून माणसे जमवावी.

एवढे ऐकल्यावर काही पालक जो निष्कर्ष काढतात तो या सर्व धोक्यांहून वाईट असतो. ‘गुरुजी, एवढी भीती आहे तर पोरीला घरीच ठेवतो.’ मुलगी घरी राहते, धाकट्याला सांभाळते, आणि ज्या खोलीजवळ हौद व खड्डे आहेत तेथेच दिवसभर असते. म्हणजे धोका टळत नाही, शाळा मात्र टळते. शिक्षकाने भीतीचे बोलणे केले त्याच बैठकीत तिला कोण पोहोचविणार, धाकट्याला कोठे ठेवणार, हे ठरवून उठावे. व्यवस्था सांगता येत नसेल तर भीतीही सांगू नये.

धाकट्याचा प्रश्न खरा आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ज्या कामावर पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले होते. मुकादमाला याची आठवण करून देण्यास शिक्षकाने संकोच करू नये. जेथे तितक्या स्त्रिया नाहीत तेथे अंगणवाडीची वेळ व शाळेची वेळ जुळवून घ्यावी. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला कार्य सुरू केले तेव्हा मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे, हाच मार्ग धरला होता. पुण्यातील बांधकामांच्या जागी ‘डोअर स्टेप स्कूल’ या संस्थेनेही तेच केले आहे.

मजूर कुटुंब काम संपले की हलते. मुलाचे नाव मधेच कसे घालावयाचे, दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, या शंकेने पालक शाळेच्या दारातून परत जातात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाच्या पुराव्याअभावी किंवा वर्ष सुरू झाले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलास वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. ही गोष्ट पालकांना ठाऊक नसते. ती वस्तीवर जाऊन सांगावी. जाण्यापूर्वी आठ दिवस शाळेत कळवावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा ठेवावी.

सवयींविषयी थोडे. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणारे मूल सकाळी वर्गात पेंगते, हे सर्व शिक्षक पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यात दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक पडदा नको आणि त्याहून लहानांना मुळीच नको, असे म्हटले आहे. जेवताना मोबाईल द्यावयाचा नाही, हा एकच नियम घरात पाळला गेला तरी पुष्कळ.

नाजूक विषय शेवटी येतो, पण तो टाळू नये. कोणी अंगाला नकोसा हात लावला तर ‘नको’ म्हणावे, तेथून निघून यावे आणि आईला किंवा बाईंना सांगावे, मग तो माणूस ओळखीचा का असेना, हे मुलग्यांनाही सांगावयाचे आहे. पालकांना विशेषतः हे सांगावे की, खरे सांगितल्यावर मार बसतो असे मुलाला एकदा कळले की ते पुन्हा काही सांगत नाही. १०९८ हा मदतीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहावा. २०१२ च्या कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळविणे हा गुन्हा आहे. शिक्षकही त्याला अपवाद नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या सभासद स्त्रिया. पुढील बैठक शाळेत न घेता मुलांच्या येण्याच्या वाटेवरून चालत घ्यावी. झाकण नसलेले चेंबर, उघडा खड्डा, डंपर मागे घेण्याची जागा यांची यादी तेथेच करावी आणि ग्रामपंचायतीकडे व बांधकामाच्या मुकादमाकडे त्याच दिवशी लेखी द्यावी. यादीची एक प्रत शाळेत ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यात काय झाले ते विचारता येते.