दुधाविना किश : कोठारातील जिन्नसांची कसोटी

फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातील ‘किश’ हा पदार्थ म्हणजे पिठाच्या खुसखुशीत पारीत अंडी व साय यांचे मिश्रण ओतून भट्टीत भाजलेला, तिखटमिठाचा पोटभरीचा खाऊ. मूळ कृती लोणी, दूध व साय यांवर उभी आहे. तथापि दुग्धशर्करा न पचणाऱ्या व्यक्ती प्रत्येक गावात असतात. अनेक घरांतील जनावर भाकड असते, तर काही घरांतील जवळजवळ सर्व दूध संकलन केंद्रावर जाते. अशा वेळी घरातील उपलब्ध जिन्नसांतून हा पदार्थ साधता येतो. मात्र कोणता जिन्नस कोणते कार्य करतो, हे आधी जाणून घ्यावे लागते.

अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात व पाणी धरून ठेवतात. सायीतील स्निग्धांश ही वीण मऊ राखतो. हे दुसरे कार्य केरळ, कर्नाटक वा कोकणात नारळाचे दूध उत्तम करते. माळवा व विदर्भाच्या सोयाबीन पट्ट्यात पूर्ण उकळलेले सोयादूध उपयोगी पडते. सोयाबीनमधील पचनरोधक घटक पुरेशा उष्णतेनेच निष्प्रभ होतात, म्हणून कच्चे सोयादूध वापरू नये. अंडीही वर्ज्य असल्यास बेसन पुढे येते. त्यातील पिष्ट शिजताना घट्ट होते व निवल्यावर वडी धरते. पाटवडी हे त्याचे घरोघरचे प्रमाण होय.

पारीसाठी १८० ग्रॅम कणीक, ६० मिलिलिटर तेल, चिमूटभर मीठ व तीन-चार चमचे पाणी पुरेसे होते. पारी ताटलीत पसरून, काट्याने टोचून १८० अंश सेल्सिअसला बारा-पंधरा मिनिटे भाजावी. सारणासाठी चार अंडी, २५० मिलिलिटर नारळाचे दूध व दोन चमचे बेसन एकजीव करावे. अंड्यांविना करताना १५० ग्रॅम बेसन ४५० मिलिलिटर पाण्यात कालवून, दोन चमचे तेल घालून, दाटसर होईपर्यंत मंद आचेवर शिजवून घ्यावे. शेवग्याचा पाला, मेथी वा पालक परतून त्यातील पाणी पूर्ण आटवावे. अन्यथा पारी ओलसर राहते. त्यानंतर सुमारे अर्धा तास भाजून, निवल्यावरच कापावे. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर व त्यावर तिवई ठेवून काम भागते.

‘घरात आहे ते वापरावे’ ही काटकसर योग्य. पण घरात आहे ते निर्दोष हवे. कडधान्यातील भुंगेरा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालतो, अळी आत शिरून डाळिंब्या पोखरते व प्रौढ कीटक गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. छिद्र दिसते तेव्हा हानी होऊन गेलेली असते. पिठातील तांबडा भुंगेरा क्विनोन वर्गातील द्रव्ये सोडतो. त्यामुळे पिठाला उग्र दर्प व गुलाबी छटा येते आणि कणकेची लवचिकता घटते. चाळणीने कीटक निघतात, ही द्रव्ये निघत नाहीत. असे पीठ माणसांच्या ताटात येऊ नये. बुरशी आलेले शेंगदाणेही याच न्यायाने बाद करावेत.

प्रतिबंध सोपा आहे. हरभरा उन्हात वाळवून ओलावा ९ ते १० टक्क्यांवर आणावा, पूर्ण थंड करावा आणि हवाबंद डब्यात वा पिशवीत भरावा. अख्खे दाणे किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेलाने चोळल्यास अंडी घालण्यास अटकाव होतो. दळण थोडे थोडे आणावे. जुन्या पिठावर नवे पीठ ओतू नये. अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र राहत्या घरातील धान्यात कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या कुटुंबाचा जीव घेऊ शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी बचत गटांच्या पाककृती प्रात्यक्षिकाचा आरंभ चुलीपासून न करता कोठीपासून करावा. मूठभर हरभरा पाण्यात टाकून तरंगणारे दाणे दाखवावेत, पिठाचा वास घेण्यास सांगावे आणि मगच परात पुढे ओढावी. दुधाला पर्याय अनेक आहेत. निकोप धान्याला पर्याय नाही.