वाफेच्या यंत्रयोद्ध्यांचे रंगकाम

एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या यंत्रांना कल्पनेची जोड देऊन उभे केलेले जग, म्हणजेच ‘स्टीमपंक’, आणि जादूची अद्भुतसृष्टी यांचा संगम टेबलावरील युद्धखेळांत विशेष ठसठशीतपणे साधला तो अमेरिकेतील प्रायव्हेटीअर प्रेसने २००३ मध्ये आणलेल्या ‘वॉरमशीन’ने. या खेळात ‘वॉरकास्टर’ हा मांत्रिक सेनानी कोळशाच्या बॉयलरवर चालणाऱ्या ‘वॉरजॅक’ नावाच्या अजस्र यंत्रयोद्ध्यांना मनोबळाने हुकूम देतो. खेळातील पक्षांपैकी सिग्नारचे सैन्य निळे आणि खाडोरचे लाल, ही ओळख तर इतकी रुजली आहे की मांडणीवर नजर टाकताच पक्ष कळतो.

अशा यंत्रयोद्ध्याच्या छोट्या मूर्तीवर प्रथम ‘प्रायमर’, म्हणजे रंग धरून ठेवणारे पातळ अस्तर, दिले जाते आणि त्यावर पाण्याने सैल केलेले ॲक्रिलिक रंग चढवले जातात, कारण जाड थराखाली रिव्हेट व सांधे बुजून जातात. खरे कौशल्य लागते ते धातूच्या भागांना: पितळी रंगावर तपकिरी ‘वॉश’, म्हणजे खाचांत उतरून सावली निर्माण करणारा अतिपातळ रंग, दिला, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळल्या आणि सांध्यांत हिरवट-निळ्या रंगाची पुसट छटा सोडली, की जुन्या भांड्यांवर चढतो तसा कळंक हुबेहूब दिसतो. या छंदातील सर्वांत देखणा परिणाम निःसंशय हाच.

कित्येक दशकांपूर्वीच्या धातूच्या मूर्तींत मात्र शिसे असू शकते. संग्राहकांनी त्या घासताना मुखपट्टी बांधावी आणि काम संपताच हात साबणाने स्वच्छ धुवावेत.