पाण्याचा ताळेबंद आणि आपला सातबारा

१९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक इंग्रजी निबंध लिहिला. शेत पुरेसे आहे की नाही हे केवळ एकर मोजून ठरत नाही, त्याला भांडवल व अवजारांची जोड किती यावर ते ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज शंभरावर वर्षे उलटली, तरी हदगाव तालुक्यातील दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

प्रस्तुत लेखक शेतीतज्ज्ञ नाही, बँकेतील कारकून आहे. परंतु जमा, खर्च आणि शिल्लक एवढे त्याला कळते. म्हणूनच विद्यापीठाची माणसे पाण्याचाही ताळेबंद मांडतात हे वाचले तेव्हा कुतूहल वाटले.

हे काम नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातले. शेतकरी त्याला पोकरा म्हणतात. जागतिक बँकेने २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मराठवाड्याचे आठही जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. तो टप्पा २०२४ मध्ये संपला आणि दुसराही हाती घेण्यात आला. गावनिहाय पाण्याचा हिशेब करण्याची पद्धत मुंबईच्या आय. आय. टी.ने तयार करून दिली.

हिशेब असा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी जमा झाले. ५० मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे ५ लाख लिटर. त्यातले वाहून किती गेले, मातीत किती मुरले, भूजलात किती उतरले आणि पिकाला किती लागले, हे मांडले की गावाची तूट कळते. मग शेततळे कोठे घ्यावे, बांधबंदिस्ती कोठे करावी हे अंदाजाने न ठरता हिशेबाने ठरते.

दुसरे उदाहरण परभणीचे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले तेथील कृषी विद्यापीठ आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरीची पद्धत विकसित केली होती. परभणीच्या विद्यापीठाने सोयाबीनसाठी तिचा पुरस्कार केला. पेरणी वरंब्यावर होते. पाऊस जास्त झाल्यास सरीतून पाणी निघून जाते, आणि पावसाने खंड दिल्यास सरीत मुरलेली ओल पीक धरून ठेवते.

येथवर विज्ञान झाले. आता पैशाकडे वळू. अशा योजनांत बहुधा शेतकऱ्याने आधी खर्च करावयाचा आणि तपासणीनंतर अनुदान खात्यात जमा व्हावयाचे, असा क्रम असतो. समजा, तुषार संच २० हजारांचा आहे आणि अनुदान पाऊणपट, म्हणजे १५ हजार. तरी पहिल्या दिवशी पूर्ण २० हजार हातात लागतात. एकदा काउंटरवर कोटेशन घेऊन आलेले एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, हातात पैसे असते तर अनुदान कशाला मागितलं असतं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याहून मोठी अडचण सातबाऱ्याची. शेततळे, संच, पीककर्ज, सर्वांची पहिली पायरी तीच. गायरान कसणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांकडे ती नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते याच हक्कासाठी. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण ज्यांचे नाव कागदावर चढले नाही, त्यांच्या शेतात पडणारा पाऊस ताळेबंदात येतो, कसणारा मात्र लाभार्थींच्या यादीत येत नाही.

तेव्हा समाजबांधवांनी व भगिनींनी काही गोष्टी अवश्य कराव्यात. गायरान कसत असाल तर जुन्या पावत्या, दंडाच्या नोटिसा, पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. कसणुकीचा पुरावा तोच. वाटणी झाली असल्यास फेरफार करून घ्यावा. कर्मवीरांच्या नावाने भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देणारी योजना २००४ पासून आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो लक्षात ठेवावा. आणि गावाचा आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो, तेथे मागे न बसता पुढे बसावे.

विद्यापीठाने पाणी मोजले, जागतिक बँकेने पैसा दिला. कसणाऱ्याचे नाव कागदावर आले, तरच या भागीदारीचा ताळेबंद जुळेल. नाही तर शिल्लक दुसऱ्याच्याच खात्यावर दिसत राहील.