पोर्शे ९१४ मध्ये सुबारूचं इंजिन
१९६९ ते १९७६ दरम्यान बनलेल्या पोर्शे ९१४ चं इंजिन सीटच्या मागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असतं. हवेवर थंड होणारं ते इंजिन उतरवून हौशी लोक सुबारूचं इंजिन गिअरबॉक्ससकट बसवतात. जोडी सुरेख जुळते. सुबारूतही इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, गिअरबॉक्स मागे. त्यामुळे चाकं उलटी फिरण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त सुबारूचा गिअरबॉक्स चारही चाकं फिरवणारा असल्याने त्यातली मागच्या चाकांकडे ताकद नेणारी वाट बंद करून सेंटर डिफरन्शियल लॉक करावा लागतो. सुबारूचं इंजिन पाण्यावर थंड होतं, त्यासाठीचा रेडिएटर बहुधा गाडीच्या नाकात बसतो.

इंजिन-गिअरबॉक्स जोडताना मात्र घाई नकोच. क्लच प्लेट बरोबर मधोमध असेल तर दोन्ही भाग हाताने ढकलून चिकटतात. फट राहिली तर बोल्ट आवळून ओढू नका. क्लच प्लेट वाकते, गिअरबॉक्सचं कवच तडकू शकतं.