मेंदूच्या विजेवर आकडा

उंदराच्या मेंदूत उजव्या बाजूला, हालचालींची आखणी करणाऱ्या भागावर, बारीक फायबरमधून निळा प्रकाश सोडला की उंदीर डावीकडे वळतो आणि गोल गोल चालत राहतो. प्रकाश बंद केला की थांबतो. तिथल्या चेतापेशींमध्ये प्रकाश पडताच उत्तेजित करणारं एक प्रथिन आधीच जनुकीय मार्गाने बसवलेलं असतं, त्याची ही करामत. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. मिशेल मोंजे यांच्या प्रयोगशाळेने हा खेळ मांडला तेव्हा त्यांना उंदराच्या फेऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. चेतापेशींना पुन्हा पुन्हा कामाला लावलं तर त्यांच्या शेजारच्या पेशी काय करतात, हे पाहायचं होतं. २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याचं उत्तर प्रसिद्ध झालं. शेजारच्या अपरिपक्व पेशी भराभर वाढल्या, पक्व झाल्या आणि चेतातंतूंभोवतीचं मायलिन नावाचं स्निग्ध आवरण जाड झालं. मायलिन जाड झालं की संदेश वेगाने धावतो. रियाजाने हात बसतो म्हणतात, त्यामागे मेंदूत जे घडत असावं त्याचा हा एक धागा.

पुढच्या वर्षी त्यांनी मांडणी तीच ठेवली, फक्त उंदराच्या मेंदूत माणसाच्या ट्यूमरच्या पेशी आणून सोडल्या. प्रकाश लागला, चेतापेशी धडधडल्या आणि ट्यूमरही वाढला.

मोंजे मुळात कर्करोगतज्ज्ञ नाहीत, त्या चेतारोगतज्ज्ञ आहेत. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मेंदूच्या कर्करोगावरचं बहुतेक संशोधन अनेक दशकं बिघडलेल्या पेशीच्या आत डोकावत राहिलं. कोणतं जनुक तुटलं, कोणता संदेश अडकला, हे शोधत राहिलं. ते चुकीचं नव्हतं. पण ती पेशी मेंदूत राहते, म्हणजे शरीरातल्या सर्वांत बोलक्या वस्तीत राहते, याचा हिशेब कुणी फारसा केला नव्हता. मेंदूची वाढ कशी होते हे शिकून आलेल्या व्यक्तीला मात्र तो प्रश्न साहजिकच पडला.

या वाटेची सुरुवात एका मुलीपासून झाली. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच मोंजे यांनी डीआयपीजी झालेली एक लहान रुग्ण पाहिली. डिफ्यूज इंट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लिओमा असं या रोगाचं लांबलचक नाव. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या स्तंभात पॉन्स नावाचा भाग असतो. डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याचे स्नायू, गिळणं, श्वास, सगळ्याच्या तारा तिथून जातात. बहुधा पाच ते दहा वर्षांच्या मुलांत हा ट्यूमर तिथे उगवतो. मूल तिरळं बघू लागतं, चालताना झोकांड्या जातात, एका बाजूने चेहरा ओघळतो. गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळा काढता येईल असा गोळा येतो, पण हा ट्यूमर निरोगी पेशींच्या मधून मधून पसरलेला असतो. त्यामुळे शस्त्रक्रिया शक्य नाही. रेडिएशनने काही महिने मिळतात. निदानानंतर निम्म्याहून अधिक मुलं वर्षभरसुद्धा जगत नाहीत.

नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन जानेवारी १९६२ मध्ये गेली, तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिच्या मस्तिष्कस्तंभात अशीच गाठ होती आणि तिलाही रेडिएशनच दिलं होतं. सात वर्षांनी तिचे वडील चंद्रावर उतरले. त्यानंतर चाळीस वर्षं उलटली तरी डीआयपीजीचा प्रमाण उपचार रेडिएशनच होता. औषधं कित्येक तपासली गेली, पण बरीचशी मोठ्यांच्या ट्यूमरवरून उचललेली, आणि ती फसली. मुलांचा ट्यूमर वेगळा आहे हे कळायला तो हातात तर यायला हवा! एवढ्या नाजूक जागी सुई घालायची नाही म्हणून बायोप्सीच होत नसे. एमआरआय पाहून निदान व्हायचं आणि प्रयोगशाळेत अभ्यासायला एक पेशीही नसायची.

ही कोंडी फुटली ती मूल गमावलेल्या आईवडिलांमुळे. मृत्यूनंतर थोड्याच तासांत शवविच्छेदन करून ट्यूमर काढून घ्यायला त्यांनी संमती दिली. त्या वेळेपर्यंत काही पेशी जिवंत असतात आणि जपून वाढवल्या तर बशीत तगतात. अशा दानातून मोंजे यांच्या गटाने डीआयपीजीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, उंदरांत त्यांचं प्रारूप तयार केलं आणि २०११ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. मग या पेशी स्वतःच्या फ्रीजरमध्ये कुलूपबंद न ठेवता जगभरच्या प्रयोगशाळांना वाटल्या. विज्ञानातली मोठी नावं शोधांवरून लक्षात राहतात, पण माझ्या मते हे वाटप त्यांच्या कोणत्याही शोधनिबंधापेक्षा कमी मोलाचं नाही.

त्याच निबंधात पुढच्या सगळ्याचं बीज होतं. पॉन्सच्या पुढच्या भागात अपरिपक्व पेशींचा एक गट असतो आणि बालपणाच्या मधल्या वर्षांत, साधारण सहाव्या वर्षाच्या सुमारास, तो वाढतो. डीआयपीजीचं वय तेच आणि जागाही तीच. त्या वयात मूल सायकल शिकतं, अक्षर वळणदार होतं, हालचालींत सफाई येते, आणि पॉन्समध्ये मायलिनची थरामागून थर भर पडत असते. मग मोंजे यांनी विचारलं, निरोगी वाढीला जे खत लागतं तेच ट्यूमर खात असेल तर?

उंदरांचा तो प्रकाशाचा प्रयोग या प्रश्नातून निघाला. (ऑप्टोजेनेटिक्स विकसित करणाऱ्यांतले अग्रणी कार्ल डायसेरोथ हे मोंजे यांचे पती. संशोधनात शेजार महत्त्वाचा, तो असाही.) उत्तेजित चेतापेशींतून नेमकं काय झिरपतं याचा शोध हमसा वेंकटेश या संशोधिकेने घेतला, तेव्हा हाती आलं न्यूरोलिजिन-३ नावाचं प्रथिन. चेतापेशी काम करू लागली की हे प्रथिन तिच्या पृष्ठभागावरून कापलं जाऊन बाहेर पडतं आणि ट्यूमरच्या पेशींना वाढीचा हुकूम देतं. वाढीला मदत करणाऱ्या अनेक घटकांपैकी हा एक असेल असा कोणाचाही समज झाला असता. २०१७ मध्ये निकाल आला तो त्याहून फार पुढचा होता. ज्या उंदरांत न्यूरोलिजिन-३ मुळातच नव्हतं, त्यांच्या मेंदूत सोडलेले माणसाचे ग्लिओमा (डीआयपीजी ज्या गटात मोडतो ते मेंदूचे ट्यूमर) महिनोन्‌महिने वाढलेच नाहीत. त्याच उंदरांत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मात्र बिनदिक्कत वाढल्या. म्हणजे ही गरज ग्लिओमाची होती.

२०१९ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले. एक मोंजे यांच्या गटाचा, दुसरा जर्मनीतल्या हायडलबर्गचा. तिथे फ्रँक विंकलर आणि थॉमस कुनर यांच्यासोबत वरुण वेंकटरमणी यांनी काम केलं होतं. दोघांचं म्हणणं एकच होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशी आणि ट्यूमरची पेशी यांच्यात खरोखरीचा सिनॅप्स दिसतो. एक चेतापेशी दुसरीला संदेश देते तो हाच सांधा. चेतापेशी ग्लुटामेट सोडते, ट्यूमरच्या पेशीवरची ग्रहणद्वारं ते झेलतात, आत विद्युतप्रवाह उसळतो आणि पेशी विभागू लागते. सगळ्याच पेशींना अशी जोडणी नसते, पण ट्यूमरच्या पेशी आपसातही जोडलेल्या असतात, म्हणून प्रवाह पुढे पोचतो. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून एका घराने वीज घ्यावी आणि तिथून सगळ्या आळीने ओढून न्यावी, तसा हा प्रकार. उलट दिशेनेही देवाणघेवाण चालते. ट्यूमर आसपासच्या चेतापेशींना अधिक चेतवतो, त्या अधिक ग्लुटामेट सोडतात. ग्लिओमाच्या अनेक रुग्णांना फिट येतात, त्याचं एक कारण हे.

या शोधाचे धागे मग दूरवर गेले. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड गुटमन यांच्यासोबत मोंजे यांनी डोळ्याच्या चेतातंतूवरच्या ग्लिओमाचा अभ्यास केला. त्यात आढळलं की या ट्यूमरची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना ठरावीक वयात अंधारात ठेवलं तर ट्यूमरला अटकाव होतो. सॅन फ्रान्सिस्कोत शॉन हर्वी-जंपर यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना त्यांना चित्रातल्या वस्तूंची नावं सांगायला लावली, तेव्हा ट्यूमरने व्यापलेला भागही त्या कामात ‘बोलताना’ आढळला. मेंदूशी ट्यूमरची अशी जोडणी जितकी जास्त, तितकं रुग्णाचं आयुष्य कमी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण यातून ‘जास्त विचार केल्याने मेंदूचा कॅन्सर होतो’ असा व्हॉट्सॲप संदेश निघायला वेळ लागणार नाही. तसं काहीही सिद्ध झालेलं नाही. मूल शिकतं, खेळतं म्हणून ट्यूमर होत नाही. पेशी बिघडते ती जनुकीय दोषाने. डीआयपीजीच्या बहुतांश ट्यूमरमधला हिस्टोन या प्रथिनाचा दोष २०१२ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या गटांनी शोधला. चेतापेशींच्या कामामुळे ट्यूमर जन्मत नाही, जन्मलेला ट्यूमर पोसला जातो. पेरॅम्पॅनेल हे फिटवरचं औषध ग्लुटामेटची द्वारं अडवतं आणि उंदरांत त्याने ट्यूमरची वाढ मंदावली, हेही खरं. पण उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतर या क्षेत्राने अनेकदा सोसलं आहे. पॅनोबिनोस्टॅट हे औषध बशीत आणि उंदरांत आशादायक ठरलं होतं, मुलांमध्ये त्याने रोग लांबवल्याचं दिसलं नाही.

मोंजे यांच्या कामाची दुसरी बाजू, केमो आणि रेडिएशननंतर स्मरणशक्ती का ढासळते ही, इथे धावतीच सांगतो. पीएचडीच्या काळातच त्यांनी दाखवलं होतं की रेडिएशनने मेंदूत दाह होतो आणि नव्या चेतापेशी तयार होणं थांबतं. कोविडनंतर येल विद्यापीठातल्या अकिको इवासाकी यांच्यासोबत तपासलं तर सौम्य संसर्गानंतरही दाहाचा नमुना बराचसा तसाच निघाला.

रुग्णशय्येशी सर्वांत जवळचं काम आहे ते कार-टी पेशींचं. क्रिस्टल मॅकॉल आणि रॉबी मायझनर यांच्यासोबत मोंजे यांच्या गटाला आढळलं की डीआयपीजीच्या पेशींवर जीडी२ नावाचा शर्करायुक्त स्निग्ध रेणू खच्चून भरलेला असतो. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, जीडी२ ओळखेल असा ग्राही (रिसेप्टर) त्यांच्यावर जनुकाद्वारे बसवायचा, त्या वाढवायच्या आणि परत सोडायच्या. २०१८ मध्ये उंदरांतले ट्यूमर जवळजवळ नाहीसे झाले. काही उंदीर मात्र मेले, कारण ट्यूमरवर हल्ला झाला की सूज येते आणि पॉन्सजवळची सूज मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते. मुलांवर चाचणी करताना ही भीती प्रत्येक पावलावर होती. म्हणून डोक्याच्या त्वचेखाली पाणी काढण्याची सोय आधीच बसवायची, दाब सतत मोजायचा, अतिदक्षता विभाग जवळ ठेवायचा. चेतारोगतज्ज्ञ असण्याचा उपयोग तो हा. पहिला डोस शिरेतून, पुढचे थेट मेंदूतल्या पोकळीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ११ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. नऊ जणांच्या लक्षणांत सुधारणा झाली. चौघांचे ट्यूमर ५२, ५४, ९१ आणि १०० टक्के आकसले. शंभर टक्के ज्याचा गेला, त्याच्यात तो तीस महिन्यांनंतरही परतला नव्हता. इतरांपैकी कित्येक पुढे दगावले. ज्या रोगात एमआरआयवर असं काही क्वचितच दिसतं, त्यात हे आकडे फार मोठे आहेत. बरा होणारा रोग म्हणावा एवढे ते अजून नाहीत.

कार-टी आता मुंबईतही तयार होते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून निघालेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. तिथे ती ज्यांच्यावर हल्ला करते त्या बी पेशी सगळ्याच मेल्या तरी रुग्णाला सांभाळता येतं. मेंदूच्या मध्यावर अशी मुभा नाही, आणि जीडी२ थोड्या प्रमाणात निरोगी चेतापेशींवरही असतो.

२०२५ मध्ये मोंजे आणि विंकलर यांना डेन्मार्कच्या लुंडबेक फाउंडेशनचा ब्रेन प्राइझ मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हिस्टोनचा तो दोष असलेल्या ट्यूमरसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला सशर्त मंजुरी दिली. आधार होता ५० रुग्णांचा, त्यांतल्या २२ टक्क्यांचे ट्यूमर आकसले होते. उपचारांनंतर रोग पुन्हा बळावला असेल तरच ते देता येतं.